सातबाऱ्यावर ज्याचे नाव नाही



गोष्ट २०२४ च्या उपवासकाळातील आहे. त्या मार्च महिन्यात आपल्या शहराचा नवा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला आणि पुढे कित्येक दिवस जिथे जावे तिथे नकाशाचीच चर्चा होती. रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारातही तेच. कोणाच्या प्लॉटवर शाळेचे आरक्षण पडले, कोणाच्या घरावरून रस्ता गेला, कोणाच्या मेव्हण्याचे रान एका रात्रीत ‘यलो’ झाले. अशाच एका रविवारी आपल्या धर्मग्रामातील एक गृहस्थ आम्हांकडे आले. हातात हरकतीचा छापील अर्ज होता. म्हणाले, “फादर, ह्याच्यावर सही करू का नको, तेवढं सांगा.”

प्रश्न साधा वाटला. मग त्यांनी सगळी हकीकत सांगितली. (ती येथे त्यांच्या परवानगीने, नावगाव न घेता देत आहोत.) त्यांचा धाकटा भाऊ महापालिकेच्या हद्दीत येऊन चाळीस वर्षे झालेल्या एका गावात एका मालकाचे चार एकर रान बटईने करतो. ज्वारी, तूर, आणि विहिरीला पाणी असेल तोवर मेथी-कोथिंबीर. हे रान आजवर हिरव्या पट्ट्यात, म्हणजे शेती विभागात होते. नव्या नकाशात ते पिवळे, म्हणजे निवासी दाखवले होते. गावातील काही मंडळींनी त्याला विरोध म्हणून अर्ज छापून वाटले. मालकाला अर्थातच पिवळा रंग हवा होता. भावाचे पोट हिरव्या रंगावर अवलंबून. आणि हे गृहस्थ स्वतः पंधरा वर्षे भाड्याच्या दोन खोल्यांत राहणारे. त्यांना त्याच मालकाने शब्द दिलेला की प्लॉट पडले की दीड गुंठा तुम्हांला हप्त्याने देईन.

“सही करावी तर माझं घर जातं. नाही करावी तर भावाचं रान जातं. आणि फादर, सातबाऱ्यावर तर आमच्यातल्या कोणाचंच नाव नाही. आमची हरकत घेतीलच कशाला?”

आम्ही त्या दिवशी त्यांना नीट उत्तर देऊ शकलो नाही. “विचार करून सांगतो” म्हणालो. धर्मगुरू असे म्हणतो तेव्हा पुष्कळदा त्याला उत्तर ठाऊक नसते, हे आता आपणांसही माहीत झाले असेल. त्यानंतर केलेला तो विचार येथे मांडत आहोत.

नकाशातील रंग म्हणजे काय, ते आधी पाहू. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याने प्रत्येक शहराला विकास आराखडा करावा लागतो. कोणत्या जमिनीवर घरे होतील, कोठे कारखाने, कोठे बाग, कोठे फक्त शेती, हे त्यात ठरते. जमीन तीच, माती तीच, मालकही तोच. पण रंग बदलला की एकरावर होणारा व्यवहार गुंठ्यावर येतो. एका एकराचे चाळीस गुंठे, आणि एक गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब व तेहतीस फूट रुंद एवढा तुकडा. पूर्वीच्या एकराच्या भावाने असे किती गुंठे येतात, याचा हिशोब आमच्यापेक्षा आपल्यातील प्लॉटिंगवाल्यांना चांगला ठाऊक आहे.

आपले शहर याच रीतीने वाढले. ८ डिसेंबर १९८२ रोजी महापालिका झाली तेव्हा भोवतालची अठरा गावे हद्दीत आली. या वाढीव भागाचा सुधारित आराखडा २०१५ मध्ये सर्वसाधारण सभेपुढे आला, त्यात बदल झाले, हिरव्याचे पिवळे केल्याचे आरोप झाले, लोक न्यायालयात गेले आणि २०१६ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने तो आराखडा रद्द ठरवला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. जुने शहर व वाढीव भाग एकत्र करून जो नवा प्रारूप आराखडा आला, तोच हा २०२४ चा. हद्दीबाहेर आणखी अठ्ठावीस गावांचे ‘झालर क्षेत्र’ आहे. त्याचा आराखडा सिडकोने केला होता. झालर हा शब्द आम्हांला नेहमी विचित्र वाटतो. साडी शहराची, आणि गावे तिच्या काठाला शिवलेली झालर.

आता मूळ प्रश्नाकडे. रंग बदलल्याच्या दिवशी मालकाने शेतात एक जादा तास मारलेला नसतो, एक घमेले खत टाकलेले नसते. तरी जमिनीची किंमत कित्येक पट होते. ही वाढ कोणाची? सतराव्या शतकातील इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने मालकीचे समर्थन श्रमावर उभे केले: माणूस जमिनीत आपले कष्ट मिसळतो म्हणून ती त्याची होते. त्यालाही त्याने अट घातली की इतरांसाठी पुरेशी आणि तितकीच चांगली जमीन शिल्लक राहिली पाहिजे. या कसोटीवर आपल्या चार एकरांचा मालक अडचणीत येतो, कारण गेली कित्येक वर्षे त्या मातीत कष्ट मिसळणारा माणूस दुसराच आहे. सेमिनरीत असताना आम्ही लॉक परीक्षेपुरता वाचला होता. तो बटईदाराच्या बाजूने असा उभा राहील, असे तेव्हा वाटले नव्हते.

संत थॉमस अक्वायनस यांनी त्याच्या चारशे वर्षे आधी हा प्रश्न दोन भागांत सोडवला आहे. वस्तू मिळवणे, सांभाळणे, तिचा कारभार पाहणे हा अधिकार एकट्याचा असू शकतो, नव्हे असावा; कारण सामाईक विहिरीतील गाळ कोणीच काढत नाही हे त्यांनाही माहीत होते. परंतु ती वस्तू वापरताना मात्र माणसाने ती केवळ आपली मानू नये, गरजवंताच्या वाट्याला ती सहज येईल असे वागावे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८७ च्या आपल्या परिपत्रकात याच विचाराला आजचे शब्द दिले: खासगी मालमत्तेवर समाजाचे एक गहाण असते. आपल्याकडे हे समजावून सांगायला सातबारा पुरेसा आहे. त्यावर मालकाच्या नावाशेजारी ‘इतर अधिकार’ असा रकाना असतो. सोसायटीचा बोजा, बँकेचे कर्ज, विहिरीतील हिस्सा त्यात लिहिलेला असतो. जमीन तुमची खरी, पण इतरांचेही काही तिच्यावर आहे, असे तो रकाना सांगतो. आपल्या गृहस्थांच्या भावाचे नाव मात्र त्यातही नाही. बटई तोंडी असते. उद्या हा कूळ म्हणून उभा राहील, या धास्तीने कोणी मालक बटईदाराचे नाव कागदावर येऊ देत नाही. त्यामुळे रान विकले जाते तेव्हा ज्याची रोजीरोटी जाते तो माणूस त्या व्यवहारात कोठेच नसतो. सालगडी नसतो, खुरपणीला येणाऱ्या बाया नसतात, बांधावरचे गवत कापून दोन शेळ्या पाळणारी म्हातारी तर नसतेच.

नाबोथाच्या द्राक्षमळ्याची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. परंतु राजांच्या पहिल्या ग्रंथातील तो एकविसावा अध्याय या प्रसंगी आम्ही पुन्हा वाचला, तेव्हा दोन गोष्टी नव्याने दिसल्या. अहाब राजाला तो मळा भाजीपाल्याची बाग करण्यासाठी हवा होता. म्हणजे जमिनीचा वापर बदलायचा होता! किंमत देतो, नाहीतर त्याहून चांगला मळा देतो, असेही तो म्हणाला. आजच्या भाषेत मोबदल्याचा प्रस्ताव चांगला होता. दुसरी गोष्ट, नाबोथाचा बळी गेला तो सगळी कागदपत्रे पूर्ण करून. राजमुद्रा लावलेली पत्रे गेली, गावच्या वडीलधाऱ्यांची सभा बोलावली गेली, उपवास जाहीर झाला, दोन साक्षीदार उभे केले. ठराव जणू एकमताने मंजूर झाला. चौथ्या शतकात मिलानचे बिशप संत अँब्रोज यांनी या एका अध्यायावर संपूर्ण ग्रंथ लिहिला, तो आपल्या काळातील श्रीमंतांना उद्देशून.

तरीही या कथेने आमचा प्रश्न सुटत नाही. नाबोथ विकायला तयार नव्हता. आपल्याकडचा नाबोथ तयार आहे, बहुधा उतावीळ आहे. आणि त्याला नावे ठेवण्याचा अधिकार आम्हांला नाही. मराठवाड्यातील कोरडवाहू शेती म्हणजे काय हे आपण १९७२ पासून पाहत आलो. २०१२ आणि २०१५ चे दुष्काळ तर तरुणांनाही आठवतात. मुलीचे लग्न, मुलाच्या इंजिनिअरिंगची फी, दवाखाना, सोसायटीचे थकलेले कर्ज. अशा माणसाला शहरात पंख्याखाली बसून ‘हिरवा पट्टा टिकवा’ असे सांगणे सोपे आहे. त्याचे रान हिरवे राहावे, म्हणजे आपल्या खिडकीतून येणारा वारा गार राहील. किंमत त्याने मोजायची, वारा आपण घ्यायचा. असा विरोध आम्हांला मान्य नाही.

मग विरोध कसा असावा? येथे वसईची आठवण येते. आपल्यापैकी काहींची सोयरीक तिकडे आहे, तेव्हा ही हकीकत त्यांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. १९८० च्या दशकाच्या शेवटी वसई-विरारच्या शेतीवाडीवर बांधकामाची लाट आली. १९९० मध्ये त्या पट्ट्याच्या नियोजनासाठी सिडकोची नेमणूक झाली. केळीच्या बागा, पानवेली, फुलशेती, पहाटेच्या लोकलने मुंबईला जाणाऱ्या भाजीच्या पाट्या, हे सारे पणाला लागले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी लोकांना बरोबर घेऊन हरित वसई संरक्षण समितीचे काम उभे केले. ती चळवळ नुसत्या ख्रिस्ती लोकांची नव्हती, वाडवळ, आगरी, कुणबी सारेच तिच्यात होते. आम्हांला तिच्यातली महत्त्वाची वाटते ती एक गोष्ट. त्यांनी पाण्याचा प्रश्न जमिनीच्या प्रश्नाला जोडला. टँकरने पाणी उपसले की समुद्राकाठच्या विहिरी खाऱ्या होतात, आणि खारी विहीर ना मालकाला सोडते ना मजुराला. ज्याच्या नावावर गुंठाही नाही अशा बाईलाही या लढ्यात आपले काही आहे असे त्यामुळे वाटले.

पुढे काय झाले? बांधकामे झाली, आणि पुष्कळ झाली. २००९ मध्ये चार नगरपरिषदा व त्रेपन्न गावे मिळून वसई-विरार महापालिका झाली, तेव्हा गावांनी ग्रामपंचायती जाऊ नयेत म्हणून पुन्हा मोठा लढा दिला. २०११ मध्ये शासनाने एकोणतीस गावे वगळण्याचा निर्णय घेतला, तो न्यायालयात अडकला, आणि २०२४ मध्ये शासनाने तो मागे घेतला. त्याच वर्षी २५ जुलै रोजी फादर दिब्रिटो देवाघरी गेले. जानेवारी २०२० मध्ये धाराशिवच्या (तेव्हाचे उस्मानाबाद) साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून ते आपल्या मराठवाड्यात आले होते, हे आपणांस स्मरत असेल. वसईचे जे हिरवेपण आज शिल्लक आहे त्यात या लोकांचा वाटा मोठा आहे. गोव्यातही २००७ मध्ये लोकांच्या विरोधामुळे संपूर्ण प्रादेशिक आराखडा मागे घ्यावा लागला.

परंतु वसईचा माणूस आपल्याच वाडीसाठी लढत होता. आपले काय? बंधु-भगिनींनो, येथे थोडे कडू बोलावे लागेल. १८९२ मध्ये घोगरगावला मिशनचे काम सुरू झाले तेव्हापासून जी कुटुंबे या श्रद्धेत आली, त्यांतील बहुतेक गावकुसाबाहेरची होती. जमीन त्यांच्यापाशी नव्हती. कोणी गायरानाचा तुकडा कसला, त्यासाठी दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहात कोणी तुरुंगात गेले. नंतर पुढची पिढी शहरात आली, एम.आय.डी.सी.त, दवाखान्यात, शाळेत कामाला लागली, आणि घर घेतले ते गुंठेवारीत. बॉण्ड पेपरवर खरेदी, ना ले-आऊट ना ड्रेनेज. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने आणि २०२१ च्या दुरुस्तीने त्यांतील पुष्कळ घरांना नियमित होण्याची वाट मिळाली. ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामे त्यात बसली. आम्ही गृहआशीर्वादाला ज्या वसाहतींत जातो त्यांतील निम्म्यांची नावे कोणत्यातरी नगरची असतात, पण जुनी माणसे अजून ‘अमक्याचा मळा’ म्हणतात. त्या मळ्यातही कोणी बटईदार होताच. तो कोठे गेला, हे आपण घर घेताना विचारले नाही. आम्हीही आशीर्वाद देताना विचारले नाही.

तेव्हा आपल्याला आता विरोध करण्याचा अधिकार आहे का? ‘तुम्ही बसलात, आता दुसऱ्याला जागा द्यायची नाही का?’ असे मालक विचारील, आणि ते चुकीचे नाही. आम्ही यावर पुष्कळ विचार केला. आमचे मत असे झाले की कालच्या गोष्टीचा फायदा झाला म्हणून माणसाचे तोंड कायमचे बंद होत नाही. दारू सोडलेला माणूसच दारूविरुद्ध नीट बोलतो. पण त्याला एक पथ्य आहे: आपला फायदा लपवून त्याने बोलू नये. आमचे घर मळ्यावर आहे, आठवड्याने येणाऱ्या नळाच्या पाण्यात आमचाही हंडा आहे, हे आधी सांगावे आणि मग बोलावे. ‘मिशनच्या जमिनीचे काय हो फादर?’ असेही कोणी विचारील. विचारावे. रंग बदलला की तिचीही किंमत वाढते, आणि त्या वाढीवरही समाजाचे तेच गहाण आहे.

राहिला प्रश्न त्या गृहस्थांच्या शेवटच्या वाक्याचा: नाव नाही, तर हरकत घेतील कशाला? याचे उत्तर आम्ही एका वकील मित्राकडून समजून घेतले, आणि हाच भाग आम्ही आपणांस लक्षात ठेवायला सांगू. १९६६ च्या कायद्यात हरकत किंवा सूचना देण्याचा अधिकार कोणाही व्यक्तीला आहे. मालकाला, खातेदाराला, असे कायदा म्हणत नाही. अर्ज लिहून देणारे लोक पहिल्याच ओळीत गट नंबर व मालकी विचारतात, म्हणून गरीब माणूस मागे फिरतो. शहरात आलेल्या हजारो हरकतींत बटईदाराच्या किंवा शेतमजुराच्या नावाने किती असतील? ज्याच्याजवळ जमीन तो आपल्या जमिनीपुरते बोलतो: माझ्यावरचे आरक्षण काढा, शेजारच्याचे पिवळे केले तर माझेही करा. हा विरोध आराखड्याला नसतो, वाटणीला असतो. ज्याच्याजवळ काहीच नाही तोच एक माणूस त्या रानाकडे रान म्हणून पाहू शकतो, आणि त्याचेच म्हणणे कागदावर येत नाही.

पुढच्या रविवारी आम्ही त्या गृहस्थांना एवढेच सांगितले की सही करावी की नाही हे आम्ही ठरवणार नाही. पण छापील अर्ज बाजूला ठेवा, दोघे भाऊ एकत्र बसा, आणि तुम्हांला दोघांना मिळून काय खरे वाटते ते साध्या कागदावर लिहा.

ते बसले. वहिनींनीही त्यात भाग घेतला असे नंतर कळले. त्यांनी लिहिले की विहीर व तिच्या भोवतालचे दोन एकर ओलिताचे रान हिरवेच ठेवावे, कारण आजूबाजूच्या वस्तीच्या बोअरलाही त्याच विहिरीच्या झऱ्याचे पाणी आहे. रस्त्याकडच्या खडकाळ दोन एकरांत घरे व्हावीत, आणि त्यात लहान प्लॉट असावेत. ‘अर्जदाराचा जमिनीशी संबंध’ म्हणून एकाने लिहिले, ‘जमीन करतो’. दुसऱ्याने लिहिले, ‘घर घेऊ इच्छितो’. खाली दोघांच्या सह्या. महापालिकेत आवक शिक्का मारून प्रत घेतली.

मग धाकटा म्हणाला, मालकाला आधी जाऊन सांगितले पाहिजे, नाहीतर पाठीमागून केल्यासारखे होईल. पाडवा जवळ आला होता. त्या वर्षी तो ९ एप्रिलला होता, आणि बटईचा नवा बोल पाडव्यालाच होतो. म्हणजे जायचे ते भीत भीतच. दोघे गेले. मालकाने कागद दोनदा वाचला, चहा दिला, कोणी लिहून दिले असे विचारले. आम्हीच लिहिले, असे त्यांनी सांगितले. धाकट्याचे रान त्याने आणखी एक वर्षासाठी ठेवले. दीड गुंठ्याचा शब्द मात्र परत घेतला. ते गृहस्थ अजून भाड्याच्या त्याच दोन खोल्यांत राहतात आणि दर रविवारी पहिल्या मिस्साला येतात.